सुनेच्या आधी मुलाला न्या



विषय जरा अवघड आहे. पण डोहाळजेवणात ओटी भरताना जिला आपण हळूच वगळतो, तिचं काय सोपं असतं?

माझ्या सुनेला तीन वर्षं दिवस गेले नाहीत. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला एचएसजी झाली. त्या दिवशी ती रिक्षात पोट धरून बसली होती, मी शेजारी. वर मी तिच्याकडून एकाशनं करून घेतली आणि बस्तीत कुणी विचारलं की "तिचं अंतराय कर्म आडवं येतंय" म्हणून मोकळी व्हायची. मुलाला न्यायचं सुचलं नाही. नाही, हे खोटं आहे. सुचलं होतं, धीर झाला नाही.

शेवटी तोच आपणहून गेला. डबीत वीर्याचा नमुना द्यायचा, सुई नाही की चिरफाड नाही. एका मिलीलिटरमागे शुक्रजंतू ४० लाख निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाखांची आहे. (हे लिहायला त्याने आणि सुनेने, दोघांनीही होकार दिलाय.)

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणाच्या जोडीने. तरी "वांझ" शब्द आपण बाईसाठीच ठेवलाय. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते मर्दानगीचे, आणि त्यांचा इथे संबंधच नाही. संसार सुखाचा चाललेल्या माणसाचीही संख्या कमी असू शकते. हे कळायला मला साठी गाठावी लागली!

कर्माचं म्हणाल, तर ज्याचं कर्म त्यालाच भोगायचं, हे आपण पाठशाळेपासून ऐकतो. मग माझ्या मुलाच्या अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा सुनेच्या पूर्वजन्मात मला कशा सापडल्या? डॉक्टर त्याला व्हेरिकोसील म्हणतात. पुष्कळ पुरुषांना असतं, आणि गरज असेल तर ऑपरेशनही होतं.

इतरही कारणं आहेत. तंबाखू, सिगरेट, वयात आल्यावर झालेले गालगुंड. जिममध्ये अंग भरायला घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी तर शुक्रजंतू तयार होणंच बंद पडू शकतं. कित्येकदा कारण सापडतही नाही. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून मागे येऊन गेलेला मोठा ताप आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. नमुन्याआधी दोन ते सात दिवस संबंध नको, आणि एका रिपोर्टावर निकाल लावू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करा. जाहिरातीतल्या ताकदीच्या पुड्या मात्र घरात आणू नका, डॉक्टरकडे जा.

"मुलाला कशाला मध्ये आणता, त्याला कमीपणा वाटेल," असं मला आपल्यातल्याच एकीने सांगितलं. तीन वर्षं सुनेला काय वाटत होतं, ते विचारायला ती कधी आली नव्हती.

परवा नणंदेचा फोन आला. "सूनबाईची काही गोड बातमी?" मी म्हटलं, "उपचार मुलाचे चाललेत." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग अगदी हळू आवाजात तिने डॉक्टरांचा नंबर मागितला. तिच्या मुलाच्या लग्नाला आता पाच वर्षं होतील.