रात्री लॅबमधले पीसी काय करतात?

नृसिंहवाडीत पाणी चढायला लागलं की आपण दक्षिणद्वार सोहळ्याची वाट बघतो. तेच पाणी आणखी चढून शिवारात शिरलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातला ऊस कितीतरी दिवस पाण्याखाली होता. पुरात तग धरणारा ऊस का नसावा?

भातात हे जमलंय. ‘सब-१ए’ हे जनुक सापडलं, ते ‘स्वर्णा’ वाणात आणलं आणि साधारण दोन आठवडे पाण्याखाली राहूनही जगणारा ‘स्वर्णा सब-१’ २००९ मध्ये भारतातल्या शेतकऱ्यांना मिळाला.

ऊस मात्र किचकट गडी. माणसाच्या जीनोमची लांबी साधारण ३०० कोटी अक्षरं धरतात. उसाची, गुणसूत्रांच्या सगळ्या मिळत्याजुळत्या प्रती धरून, १००० कोटींच्या घरात जाते. ‘आर ५७०’ या वाणाचा सविस्तर जीनोम प्रसिद्ध व्हायला २०२४ उजाडलं.

इथे तुम्ही म्हणाल, ‘आमच्या कॉलेजात सुपरकॉम्प्युटर कुठाय?’ माझं म्हणणं, प्रश्नच चुकतोय. भाताची साधारण ४० हजार जनुकं उसाच्या जीनोमशी ताडून बघायची आहेत असं समजा. पहिल्या जनुकाचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नाही. मग एकाच पीसीला का राबवायचं? वीस पीसींना दोन-दोन हजार जनुकं वाटून द्या. वीस रात्रींचं काम जवळपास एका रात्रीत उरकतं. डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग म्हणतात ते हेच.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅकने ‘परम ८०००’ उभा केला, तोही छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडूनच. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग@होम’ला जगभरच्या लोकांनी आपापले कॉम्प्युटर दिले आणि त्यांची एकत्रित ताकद तेव्हाच्या सगळ्यात वेगवान सुपरकॉम्प्युटरच्या पुढे गेली.

सगळीच कामं अशी वाटता येत नाहीत, हेही खरं. तुकडे जुळवून नवा जीनोम बांधायचा तर प्रचंड मेमरी लागते. ते मोठ्या संस्थांनीच करावं. रुग्णांचा डीएनए तर कुणाच्याही पीसीवर जाता कामा नये. पण भात-उसाचा डेटा खुला आहे आणि तुलना करणारं ‘ब्लास्ट’ सॉफ्टवेअर फुकट.

अडतंय कुठे? संध्याकाळी लॅबला कुलूप लागतं आणि चांगले चालते पीसी सकाळपर्यंत गप्प बसतात. बॉटनीवाल्यांना कोणतं जनुक शोधायचं ते कळतं, पण फाइल कशी फोडायची ते नाही. कॉम्प्युटरवाल्यांचं नेमकं उलटं. दोघं एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात आणि एकमेकांशी बोलत नाहीत!

म्हणून या सुट्टीआधी एवढंच करा. दोन्ही विभागांतले चौघं-पाचजण मिळून प्राचार्यांकडे जा आणि लॅबच्या चार रात्री मागा. यातून लगेच नवा वाण निघणार नाही. कदाचित हाती काहीच लागणार नाही. पण आपल्या शिवारातल्या उसाचा जीनोम दुसऱ्या कुणीतरी वाचेल म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा, तो वाचायला शिकलेली पाच पोरं-पोरी तालुक्यात तयार होतील. पुढच्या पुराआधी एवढं तरी व्हायला हवं.