हयातीचा दाखला

आमचे मेहुणे इटलीला जाऊन आले. येताना ११०० फोटो घेऊन आले आणि आमच्याच टीव्हीवर, आमचाच चहा पीत, ते आम्हाला दाखवले.

डोंगरमाथ्यावरची जुनी गावं. दगडी कमान, दगडी जिना, बंद दार, दारात कुंडी. पुन्हा दगडी कमान. शेवटी मी विचारलं, "दादा, गावात माणसं नाहीत का?"

"आहेत की! पण मध्ये मध्ये येतात. पहाटे गेलं की फ्रेम स्वच्छ मिळते."

स्वच्छ! म्हणजे माणूस हा कचरा!

त्यातलं एक गाव चिविता दि बान्योरेज्यो. खाली चिकणमाती, वर ज्वालामुखीचा ठिसूळ दगड. माती वाहते, दगड ढासळतो, गाव कडेकडेने दरीत जातं. १६९५च्या भूकंपानंतर तर पांगापांग वाढली. आज कायमचे रहिवासी डझन-दीड डझन. जायला एक पादचारी पूल, आणि २०१३पासून तिकीट. इटलीत त्याला 'मरणारं गाव' म्हणतात. मरणाऱ्याला भेटायला जायचं, तिकीट काढायचं आणि फोटो पलंगाचा घ्यायचा!

मारिओ जाकोमेल्ली हा सेनिगाल्लियाचा छापखानेवाला. माझ्यासारखाच, पोटाचा धंदा एक, हौस दुसरी. १९५७ साली तो आब्रुत्सोतल्या स्कान्नो या डोंगरी गावात गेला. त्याच्या फोटोत काळ्या कपड्यांतल्या बायका धूसर आणि मधोमध खिशात हात घालून येणारा एक मुलगा स्वच्छ. स्कान्नोत दगडांना तोटा नव्हता. पण लक्षात राहतो तो मुलगा.

"परवानगीशिवाय लोकांचे फोटो काढू नयेत," मेहुणे म्हणाले.

कबूल. मग विचारा! ११०० वेळा बटण दाबणाऱ्या बोटाला एकदा 'बोंजोर्नो' म्हणणारं तोंड नसतं का?

आमच्या बँकेत दर नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. "हे माझं दार, ही कुंडी, पेन्शन चालू ठेवा," असं म्हणून कोणी घराचा फोटो पुढे केला, तर आम्ही ठेवू का? मग गावालाच हा न्याय का नाही?

इतक्यात एका फोटोच्या कडेला एक म्हातारी आली. हातात झारी.

"हा बिघडलाय. पुसून टाकतो."

"थांबा दादा," मी म्हणालो, "तेवढा मला द्या."

त्या कुंड्यांना पाणी कोण घालतं, ते ११०० फोटोंत तेव्हा पहिल्यांदा दिसलं.