न सुटणारा ब्रेक

मृग लागले की आंबेवाल्या घरांतील पिकअपचे काम संपते. एप्रिल-मे ह्या दोन महिन्यांत जिने अहोरात्र पेट्या वाहिल्या, ती गाडी मांगराच्या कडेस उभी राहते, हँडब्रेक करकचून ओढला जातो, आणि दसरा जवळ येईपर्यंत तिची कोणास आठवणही होत नाही. रत्नागिरीकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग ह्याच चार महिन्यांत कोसळतो. त्यात समुद्रावरील खारी हवा. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी धुण्यासाठी म्हणून गाडी बाहेर काढू जावे, तो ती जागची हलत नाही. इंजिन सुरू होते, गिअरही पडतो. परंतु क्लच सोडताच इंजिन गुदमरून बंद पडते. मागील चाकांचे ब्रेक चिकटले, असे घरातील जाणती मंडळी सांगतात, आणि बहुधा येथूनच चुकीच्या उपायांस प्रारंभ होतो.

ब्रेक लागेनासा झाला तर घरातील लहान मूलही भिऊन जाईल. तो सुटेनासा झाला तर मात्र 'धरतो आहे ना, मग बिघडले काय?' अशा समजुतीने त्याकडे पाहिले जाते. ही समजूत आम्हांस घातक वाटते. ती का घातक, हे कळण्यासाठी ड्रमच्या पोटात काय चालते तेवढे प्रथम पाहिले पाहिजे.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ओतीव लोखंडाचे पालथे पातेलेच होय. त्याच्या आत दोन अर्धचंद्राकृती लोखंडी शू बसविलेले असतात व त्यांच्या बाहेरच्या अंगास लायनर असतो. पेडलवर पाय पडला म्हणजे नळ्यांतील तेलाचा दाब व्हील सिलिंडरमधील दोन दट्ट्यांस बाहेर ढकलतो, दट्टे शूंस फाकवितात, आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासून चाक थांबते. हँडब्रेक तेच शू तेलाऐवजी केबल व तरफ ह्यांच्या योगे फाकवितो. लुई रेनॉ ह्या फ्रेंच यंत्रज्ञाच्या नावाशी निगडित असलेली ही युक्ती १९०२ सालची. पुढे तिच्यात तेल आले, लायनर बदलले, परंतु मूळ घाट आजतागायत तोच राहिला आहे.

ह्या घाटात एक खुबी आहे. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेस तोंड करून असलेला शू, एकदा ड्रमला टेकला की, ड्रमच्याच ओढीने अधिकाधिक आत खेचला जातो. दाराखाली सारलेली पाचर दार जसजसे रेटावे तसतशी घट्ट होते, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे ब्रेक लागण्याच्या कामी पायाचे बळ आहे, तेलाचा दाब आहे, आणि खुद्द फिरत्या चाकाची मदत आहे. सुटण्याच्या कामी मात्र दोन लहानशा स्प्रिंगांवाचून दुसरे कोणीही नाही. ओढलेला शू त्यांनी मागे आणावयाचा. आणि गंज, धूळ, फुगलेले रबर ह्यांपैकी कोणीही आडवे आले की त्या बिचाऱ्या हरतात. न सुटणाऱ्या ब्रेकचे सारे शास्त्र ह्या विषम वाटणीत आहे.

मागचीच चाके का, आणि पिकअपच का, असाही प्रश्न कोणी करील. पिकअपची मागची बाजू रिकामी असता फार हलकी असते. अशा वेळी मागील ब्रेक जोराने लागले तर चाके घसरून गाडी आडवी व्हावयाची. ते टाळण्यासाठी पुष्कळशा पिकअपांत मागील आसाजवळ एक झडप बसविलेली असते. गाडी ओझ्याने किती दबली आहे ह्याच्या मानाने ती मागच्या ब्रेकांस तेलाचा दाब कमी-अधिक देते. योजना शहाणपणाची आहे. पण तिचा परिणाम असा की, जी गाडी वर्षातील दहा महिने रिकामी किंवा उभी असते, तिच्या मागील ब्रेकांस घासणेच घडत नाही. रोज घासला जाणारा तवा गंजत नाही. ओला तवा मात्र भांड्याखाली झाकून ठेवला तर चार दिवसांत काय होते, हे आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. ओढलेल्या हँडब्रेकमध्ये ओला लायनर ओल्या ड्रमला चार महिने दाबून धरलेला असतो. त्या दोहोंमध्ये गंजाचा सांधाच जुळतो.

असा सांधा जुळला असता लोक प्रथम काय करतात? इंजिनाचा वेग चढवून क्लच एकदम सोडतात, किंवा ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढतात. 'फट्' असा आवाज होतो, चाक सुटते, आणि मंडळी खूष होतात. त्या आवाजात काय तुटले हे पुष्कळदा कोणी पाहत नाही. ज्या लायनरास रिव्हेट नसून तो शूवर नुसता चिकटविलेला असतो, तो अशा झटक्यासरशी शूपासून सुटून ड्रमला चिकटून राहू शकतो. पुढे एके दिवशी तोच तुकडा ड्रम व शू ह्यांच्यात आडवा होऊन चालत्या गाडीचे चाक जखडतो. तेव्हा घाई करू नये. हँडब्रेक सोडून गाडी खालच्या गिअरात हळूहळू पुढे व मागे हेलकावून पाहावी. तेवढ्याने न सुटल्यास समोरच्या चाकांस दगड लावून मागचे चाक काढावे आणि ड्रमच्या सपाट तोंडावर, नटांच्या मधल्या भागी, लाकडी हातोड्याने सभोवार ठोकावे. कडेवर ठोकू नये. ओतीव लोखंड तडकते. गंजाचा सांधा असेल तर बहुतेक वेळा तो एवढ्याने सुटतो.

परंतु गंज हे एकच कारण नव्हे, आणि खरे कारण शोधल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये. शोधण्याची रीत सोपी आहे. सपाट जागी, पुढच्या चाकांस ठोकळे लावून, गिअर मोकळा करून, मागची बाजू जॅकने उचलावी व मजबूत स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, विशेषतः उत्साही पुतण्यांनी, डोके घालू नये. हँडब्रेक सोडून चाक हाताने फिरवून पाहावे. फिरत नसेल तर प्रथम गाडीखालील केबलचा नट सैल करावा. चाक मोकळे झाले, तर दोष केबलचा. तिच्या आवरणात पाणी शिरून तार गंजली आहे आणि ती बदलणे हाच उपाय. वरून तेल सोडल्याने ती आठ दिवस चालेल, नवव्या दिवशी पुन्हा अडेल.

केबल सैल करूनही चाक अडलेले राहिले, तर त्या चाकामागील ब्लीडरचा नट किंचित उघडावा. तेलाची चिळकांडी उडून चाक सुटले, तर पेडल सोडल्यावरही दाब आत कोंडून राहत होता असे समजावे. मग आतून फुगलेली रबरी नळी, बुजलेले मास्टर सिलिंडरचे छिद्र, किंवा पेडलच्या दांड्यास मुळीच न ठेवलेली ढिलाई, ह्यांपैकी काहीतरी आहे. येथे एक खूण उपयोगी पडते. अनेक गाड्यांत मागील आसास तेल नेणारी रबरी नळी एकच असते. तेव्हा दोन्ही चाके सारखीच अडत असतील तर संशय नळीवर किंवा मास्टर सिलिंडरवर घ्यावा, आणि एकच अडत असेल तर त्या चाकापाशी शोधावे. ब्लीडर उघडल्यावर, अर्थातच, आत शिरलेली हवा काढल्यावाचून गाडी चालवू नये.

दोन्ही उपाय व्यर्थ गेले की मग ड्रम उतरवावा. पुष्कळ ड्रमांच्या तोंडावर आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने आवळले की ड्रम आपोआप बाहेर येतो. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे कोणती स्प्रिंग कोठे होती ह्याचा नमुना दुसऱ्या बाजूस शाबूत राहतो. आतली काळी भुकटी फुंकू नये, हवेच्या नळीने तर मुळीच उडवू नये. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे व त्याची धूळ कर्करोगास कारण होते. स्वस्तातल्या लायनरात ते नसेलच असे गृहीत धरणे बरे नव्हे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. रॉकेल, डिझेल ह्यांनी धुण्याची चाल आहे, तीही सोडावी. त्यांनी सिलिंडरचे रबर बिघडते व लायनर तेलकट होतो.

व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी किंचित उचलून पाहावी. आत ओल दिसली किंवा दट्ट्या अडलेला असला तर सिलिंडर बदलावे. ताप लागून निळसर झालेली स्प्रिंग ताण गमावून बसते, तिलाही रजा द्यावी. पण हमखास नजरेतून सुटणारी जागा निराळीच आहे. शू ज्या मागच्या पत्र्यावर टेकून सरकतात, त्या पत्र्यावर प्रत्येक शूसाठी लहान उंचवटे असतात. वर्षानुवर्षांच्या घासण्याने तेथे खाच पडते, शूची कड त्या खाचेत अडकते आणि स्प्रिंग ओढ ओढ ओढूनही तो मागे येत नाही. खाच घासून सपाट करावी आणि त्या उंचवट्यांवर उष्णता सोसणारे ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढेच लावावे. अधिक लावाल तर ते वितळून लायनरवर जाईल.

आता ज्या प्रकाराबद्दल आम्हांस विशेष बोलावयाचे आहे त्याकडे वळतो. गाडी दुरुस्तीस दिली असता तासाभरात परत येते व 'ब्रेक सैल करून दिला, आता धरणार नाही' असे सांगण्यात येते. खर्चही नाममात्र असतो, त्यामुळे घरातील वडील मंडळी संतुष्ट होतात. वस्तुतः केलेले असते ते इतकेच की, शूंचे अंतर ठरविणारा अ‍ॅडजस्टर मागे फिरवून शू ड्रमपासून दूर नेलेले असतात. अडलेला दट्ट्या तसाच, खाच तशीच, गंजलेली केबल तशीच. फरक एवढाच की, ब्रेक आता सुटण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण तो नीटसा लागतही नाही. पेडल अधिक खोल जाते, हँडब्रेक चढावर गाडी धरीत नाही. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही, कारण तेव्हा मागील ब्रेकांस तसेही काम थोडेच. पुढील चैत्रात पेट्यांची थप्पी लागून गाडी कोल्हापुरास जाते, आणि परतताना घरासाठी लाद्या किंवा सिमेंट भरून आंबा घाट उतरू लागते, तेव्हा मागच्या चाकांनी उचलावयाचा भार पुढच्या चाकांवर पडतो. सैल करणे ही तपासणीची एक पायरी आहे. तिला दुरुस्ती म्हणून पैसे देऊ नयेत, आणि घेणाऱ्याने घेऊही नयेत.

नुसता धरून राहणारा ब्रेकही घाटात तितकाच वाईट. तो सारखा घासत राहून ड्रम तापतो, ड्रमचा ताप तेलास लागतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, हा त्याचा धर्मच आहे. डॉट ३ जातीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी तोच आकडा १४० अंशांवर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल पायाखाली मऊ होऊन तळास जाते. ब्रेक फार धरतो, ह्या तक्रारीतून ब्रेक मुळीच नाही, ही अवस्था अशी काही मिनिटांत उद्भवू शकते. म्हणून वळणावर जळका वास आला तर 'क्लचचा असेल' म्हणून पुढे जाऊ नये. थांबून दोन्ही मागील चाकांजवळ, स्पर्श न करता, तळहात न्यावा. एका बाजूची धग अधिक लागली तर दोषी चाक तेच.

तेलाचा विषय निघाला आहे तर आणखी एक. भांड्यात तेल कमी दिसले म्हणून घरातील कोणी परोपकारी माणूस इंजिनाचे किंवा स्टिअरिंगचे तेल त्यात ओततो. ब्रेकमधील रबर ह्या खनिज तेलाने फुगते, दट्टे जागीच अडतात आणि चारही चाके धरू लागतात. अशा वेळी नुसते तेल बदलून भागत नाही. त्याचा स्पर्श झालेले सारे रबरी भाग बदलावे लागतात. एका पेल्याच्या उपकाराची किंमत काही हजारांत जाते. तेलाच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहून ठेवण्याचा उपद्व्याप ह्यापुढे काहीच नाही.

पावसाळ्यात गाडी उभी करावयाची ती अशी: धुतल्यावर किंवा पाण्यातून आल्यावर थोडे अंतर हलके ब्रेक लावीत चालवून ड्रम वाळू द्यावेत, सपाट जमिनीवर गाडी उभी करावी, पहिल्या गिअरात टाकावी, चाकांस दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावावेत व हँडब्रेक सोडून द्यावा. उतारावर जागा असेल तर हा प्रयोग करू नये. पंधरा दिवसांनी उघडीप पाहून कोणीतरी गाडी अंगणात दहा पावले पुढे-मागे करावी. तेल दोन वर्षांनी बदलावे. आणि एकत्र कुटुंबात गाडी जूनमध्ये एकजण ठेवतो व ऑक्टोबरात दुसराच बाहेर काढतो, हे ध्यानी घेऊन किल्लीस एक चिठ्ठी बांधावी: गाडी गिअरात आहे, हँडब्रेक सोडलेला आहे, ठोकळे चारही काढावे.