काफी की नाकाफी?

पुसद, दिग्रस, उमरखेडची आपली मुलंमुली पदवीनंतर स्पर्धा परीक्षेला बसतात तेव्हा घरी सगळा जोर सामान्य ज्ञानावर असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत 2015 पासून दुसरा पेपर, सीसॅट, फक्त पात्रतेपुरता झाला, म्हणून तो सोपा समजला जातो. पण त्यात 200 पैकी 66 गुण मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरचे गुण वाया जातात. चुकलेल्या उत्तराचे एक तृतीयांश गुण कापतात, ते वेगळेच.

याच पेपरात माहितीच्या पुरेपणाचे प्रश्न येतात. पातळी दहावीची. त्यात उत्तर काढायचंच नसतं. दिलेल्या दोन विधानांवरून ते निघू शकतं का, एवढंच सांगायचं असतं. आयोगाच्या हिंदी पेपरात 'पर्याप्त' शब्द असतो. उर्दू माध्यमाच्या मुलांना आम्ही सांगतो, हा आपला 'काफ़ी' आहे. आपल्या विदर्भाच्या बोलीतला 'काफी' म्हणजे पुष्कळ, तो नव्हे.

हे उदाहरण पाहा. सलमाने 7 रुपयांची काही पेनं आणि 20 रुपयांच्या काही वह्या घेतल्या. वह्या किती? विधान 1: एकूण 94 रुपये झाले. विधान 2: वह्या पेनांच्या दुप्पट आहेत.

दहावीच्या गणिताचा पहिलाच धडा दोन चलांच्या समीकरणांचा. तो पाठ असलेली मुलं लगेच 'दोन्ही विधानं मिळून' असं उत्तर देतात. ते चूक आहे. वह्या अर्ध्या-पाऊण मिळत नाहीत. 94 मधून 20, 40, 60 वजा केले तर 74, 54, 34 उरतात; एकालाही 7 ने भाग जात नाही. 80 वजा केले की 14 उरतात, म्हणजे 4 वह्या, 2 पेनं. दुसरा मार्गच नाही. पहिलं विधान एकटंच काफी आहे. हुशार मुलंच इथे जास्त फसतात, कारण त्यांची समीकरणं सुटतात!

आम्ही वर्गात दुसरं विधान तपासताना पहिलं हाताने झाकायला लावतो.

या महिन्याचा प्रश्न: आबिदचं वय किती? विधान 1: अब्बूंचं वय आबिदच्या तिप्पट आहे. विधान 2: दोघांच्या वयातला फरक आबिदच्या वयाच्या दुप्पट आहे. उत्तर पुढील अंकात.