दाव्यालाही लाह लावा



घर बांधायचं असलं की आपण लाह लावतो. कुणी इर्जिक म्हणतं. मजुरी कोणी मागत नाही, घरवाला जेवण घालतो. मग वनहक्काच्या दाव्यालाच माणूस एकटा का पडतो?

२००६ च्या कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो, आणि एकाहून जास्त पुरावे लागतात. दंडाची पावती सगळ्यांनी जपून ठेवलेली नाही. पण दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही पुरावाच आहे. म्हणजे शेजाऱ्याचा शब्द हाच आपला कागद. पडताळणीच्या दिवशी तोच बाजाराला गेला, तर दावा लंगडा पडतो. एकट्या बाईचा दावा तिच्याच नावाने होतो, पण तिच्यासाठी धावणार कोण?

म्हणून आमचं म्हणणं असं, की पडताळणीला पाड्यातल्या दर घरातून एक माणूस शेतावर हजर पाहिजे. म्हाताऱ्यांनी खरं तेच सांगावं. शिकलेल्या पोरांनी जबाब लिहावा, वाचून दाखवावा, मगच अंगठा घ्यावा.

यात उपकार कसला? आज तिच्या बांधावर आपण, उद्या आपल्या बांधावर ती.