यंत्राच्या पाठीमागे कोण?

१९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आयबीएम कंपनीच्या ‘डीप ब्लू’ या संगणकाकडून साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरला. यंत्राने माणसाला हरविले याचा गवगवा पुष्कळ झाला. मला मात्र त्या सामन्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

दुसऱ्या डावात प्यादी टिपण्याची संधी समोर असता संगणकाने ती सोडली आणि पुढे उंटाच्या एका शांत खेळीने कास्पारोव्हच्या प्रतिहल्ल्याची वाट बंद केली. ही खेळी यंत्राची नव्हे, माणसाची, असा संशय त्याला आला. त्याने यंत्राच्या गणिताची नोंद मागितली. कंपनीने ती तेव्हा त्याला दिली नाही. पुढे प्रसिद्ध केली. पुन्हा सामना मात्र झाला नाही.

लबाडी झाल्याचा पुरावा नाही आणि ती झाली असे मी म्हणणारही नाही. माझा आक्षेप व्यवस्थेवर आहे. यंत्र कंपनीचे, ते चालविणारे तिचे, आणि नोंद केव्हा द्यायची हे ठरविणारीही तीच!

कोणी म्हणेल, नोंद उशिरा का होईना, मिळाली ना? याचे उत्तर इतिहासात आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेनने बुद्धिबळ खेळणारा ‘तुर्क’ सादर केला. खेळापूर्वी तो पेटीची दारे उघडून आतली चक्रे सर्वांना दाखवी. तरीही आत माणूस दडलेला असे! मालक आपल्या सोयीने जे दाखवितो, त्याला तपासणी म्हणत नाहीत.

तोच डाव यंत्रापुढे पुन्हा मांडून पाहावा, तर तेही पुरेसे नाही. अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करतात तेव्हा वेळेच्या सूक्ष्म फरकानेही उत्तर बदलू शकते. शिवाय त्या सामन्यात दोन डावांच्या मधल्या काळात प्रोग्रॅममध्ये फेरफार करण्याची मुभा होती.

म्हणून प्रत्येक डावापूर्वी प्रोग्रॅमची प्रत मोहोरबंद करून पंचांकडे द्यावी. प्रत्येक खेळीची नोंद त्याच क्षणी पंचांच्या ताब्यात जावी. यंत्राच्या खोलीत त्रयस्थ निरीक्षक बसावा आणि पटावर बसणाऱ्या चालकाने केवळ खेळ्या पोचवाव्यात. अशा अटी आधी ठरविणे अशक्य नाही. २००६ साली बॉन येथे ‘डीप फ्रिट्झ’शी खेळताना क्रामनिकला संगणकाचा सुरुवातीच्या खेळ्यांचा संग्रह पडद्यावर पाहण्याची सोय होती. तो चार विरुद्ध दोन गुणांनी हरला, ही गोष्ट निराळी.

परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक उभा असतो म्हणून सारे विद्यार्थी चोर ठरत नाहीत. उलट प्रामाणिक विद्यार्थ्याच्या गुणांना त्यामुळेच किंमत येते. ‘डीप ब्लू’ घडविणाऱ्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे कष्ट केले. त्यांचे यश निर्मळ असेल, तर त्याला चिकटलेल्या संशयाने सर्वांत मोठा अन्याय त्यांच्यावरच केला आहे. कडक नियम हवे असतात ते हरणाऱ्याच्या समाधानासाठी नव्हेत. खऱ्या विजेत्याला ताठ मानेने उभे राहता यावे, यासाठी.