पार्किंगमधला गिअरबॉक्स

आमच्या सोसायटीच्या नियमांत एक कलम आहे : पार्किंगच्या जागेत वाहनदुरुस्तीचं कोणतंही काम करता येणार नाही. पंक्चर आणि बॅटरी एवढाच अपवाद. तुमच्याही सोसायटीत असं काहीतरी असण्याची शक्यता दाट आहे, शोधून बघा. मी खारघरला सहा वर्षं राहतोय आणि हे कलम मला कळलं ते गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी, दुपारी साडेबाराला. त्या वेळी माझ्या गाडीचा गिअरबॉक्स जॅकवर होता, इंजिनापासून दोन बोटं लांब.

माझं म्हणणं सरळ आहे. हा नियम चुकीचा आहे. सुरक्षिततेचं आणि स्वच्छतेचं नाव पुढे करून तो जे राखतो, ते वेगळंच काहीतरी आहे. ते काय, हे सांगण्याआधी त्या रविवारी काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण ज्यांनी तक्रार केली त्यांना ते माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही.

गाडी बाबांची. मारुती ८००, २००८ची. या गाडीचं उत्पादन डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झालं आणि जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे आमची गाडी तशी उत्तरार्धातली. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर तपासणी करून, फी भरून पुन्हा नोंदणी केलेली. क्लच घसरायला लागला होता. खारघर स्टेशनकडून टेकडीच्या बाजूला चढताना इंजिन ओरडायचं आणि गाडी जागेवरच. सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडीखाली वाकूनही न बघता सांगितलं, ‘सर, यात पैसे घालू नका, स्क्रॅपला द्या.’ क्लच प्लेट झिजली म्हणून गाडी भंगारात द्यायची, हे चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय कापण्यासारखं झालं. मी आईच्या भावाला फोन केला.

मामा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेत. आयुष्यभर त्यांनी बसचे गिअरबॉक्स उतरवले आणि चढवले. शनिवारी सकाळी ते हत्यारांची पेटी घेऊन आले. संध्याकाळपर्यंत आम्ही बॅटरी काढली, गिअर ऑईल पत्र्याच्या ट्रेमध्ये उतरवलं, दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट, क्लचची केबल, स्टार्टर आणि गिअरचा रॉड सोडवला, आणि गिअरबॉक्स खाली घेतला. गाडी घोड्यांवर होती, नुसत्या जॅकवर नाही. ‘जॅक उचलायला असतो, झोपायला नाही,’ हे मामांचं पहिलं वाक्य. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊन जीव गेलेले लोक त्यांना माहीत होते.

उतरवणं सोपं. खरी परीक्षा चढवताना. नवी क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये बसते आणि प्रेशर प्लेट आवळेपर्यंत ती मोकळी असते, इकडेतिकडे सरकते. ती बरोबर मध्यावर ठेवूनच आवळायची, कारण नंतर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या मधल्या दात्यांतून आरपार जायचा असतो. त्यासाठी डमी शाफ्ट मिळतो. मामांनी लाकडाचा दांडा तासून, त्याला टेप गुंडाळून तो घरीच केला होता. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते दोनदा बघायचं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फेऱ्या घालत आवळायचे.

मग गिअरबॉक्स जॅकवर वर घ्यायचा. इंजिनाखाली फळी घालून दुसरा जॅक लावलेला असतो, त्याने इंजिनाचा कोन जुळवायचा. दोघांचे तोंड समांतर आलं की ढकलायचं. आमचा आत गेला, आणि दोन बोटं अंतर ठेवून अडला. मी लांब बोल्ट उचलला. म्हटलं, चारही बाजूंनी आवळत आणू, येईल आपोआप.

मामांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला. ‘बोल्टने ओढायचं नाही. हाताने येत नाही म्हणजे आत काहीतरी चुकलंय. ओढशील तर येईलसुद्धा, पण हाऊसिंगचा कान तुटेल, नाहीतर प्लेटची मधली वाटी वाकेल. मग महिनाभर गाडी थरथरत राहील आणि तू पेट्रोलला शिव्या देशील.’

ह्या एका सूचनेसाठी मी चार वर्षांची मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली होती, आणि ती मला तिथे मिळाली नव्हती. गिअर डिझाइन मी केलंय. पीएसजीचं डेटा बुक उघडून दात्यांची रुंदी काढली आहे, वाकण्याचा ताण तपासला आहे, परीक्षेत चांगले गुण घेतले आहेत. पण गिअरबॉक्सला हात लावला नव्हता. पहिल्या वर्षी वर्कशॉपचा विषय होता. त्यात लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे होते. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी ते तयार विकत आणले; मीही त्यांतलाच. सरांना कळत होतं. कोणाला काही वाटलं नाही, कारण तो विषय खालचा होता. नंतर मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो, आणि कोणी मला विचारलंही नाही की चार वर्षं जे शिकलास ते यंत्र तू उघडून पाहिलंस का.

तर आम्ही पुन्हा तपासत होतो. दाते एकमेकांसमोर येत नसणार, असं मामांचं मत. गिअर टाकून शाफ्ट धरून ठेवायचा आणि समोरच्या क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन अगदी किंचित फिरवायचं, म्हणजे दात सापडतो. मी पाना लावायला पुढे गेलो आणि तेवढ्यात वॉचमनकाका आले. त्यांच्यामागे सेक्रेटरी.

सेक्रेटरींनी मला काही विचारलं नाही. मामांकडे बोट दाखवून वॉचमनकाकांना विचारलं, ‘ह्या मेकॅनिकला आत कोणी सोडलं? रजिस्टरमध्ये नोंद आहे का?’

मी म्हटलं, ‘माझे मामा आहेत.’ सेक्रेटरी क्षणभर गडबडले. मग म्हणाले, ‘असतील. पण इथे गॅरेज करू नका. चांगल्या लोकांची सोसायटी आहे.’ एक हजार रुपये दंड, आणि काम ताबडतोब बंद. मामा उठले, चिंधीने हात पुसले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, भाच्याच्या घरी आलेला.

‘चांगल्या लोकांची सोसायटी’ हेच त्या कलमाचं खरं नाव आहे.

आता विरोधी मुद्दे घेऊ. त्यांतले काही खरे आहेत. ऑईल सांडतं : सांडतं, म्हणून ट्रे ठेवायचा. आमच्या जागेवर एक थेंब नव्हता. शेजारच्या, कंपनीत सर्व्हिस होणाऱ्या मोठ्या गाडीखाली मात्र कायमचा काळा डाग आहे, आणि त्याला दंड नाही. आवाज होतो : होतो. त्याच इमारतीत वर्षभर कुठल्या ना कुठल्या फ्लॅटमध्ये फरशी फोडायचं मशीन चालू असतं. त्याला वेळा ठरवून दिल्या आहेत, बंदी नाही. धोका आहे : हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पेट्रोलच्या लाइनला हात लावणं, वेल्डिंग, नुसत्या जॅकवर काम, या गोष्टींना बंदी हवीच. पण धोका हे खरं कारण असतं तर नियम धोक्याचा असता. घोड्या लावा, आगीचा बंब जवळ ठेवा, असा. हा नियम पान्याच्या विरुद्ध आहे.

आणखी एक आक्षेप मित्रांनी घेतला : तू तासाला जेवढे कमावतोस त्यात हे परवडतं का? नाही परवडत. दोन दिवस गेले, कंबर धरली. पण हा हिशोब करणारे एक विसरतात. ज्याने एकदाही गाडीखाली डोकं घातलेलं नाही, त्याला गॅरेजवाला खरं सांगतोय की थापा मारतोय हे कळत नाही. मग तो सगळ्यांनाच चोर समजतो आणि चोराला सर समजतो. प्रामाणिक मिस्त्रीची किंमत कळायला त्याचं काम थोडं तरी हाताखालून जावं लागतं.

हे केवळ माझं दुःख नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. कारण काय? सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं त्या खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. २०२२च्या अखेरीस केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी वेबसाइट सुरू केली. म्हणजे दिल्लीत तत्त्वतः मान्य झालंय की वस्तू विकत घेणाऱ्याला ती दुरुस्त करण्याचा हक्क असावा. तो हक्क कंपनीकडून मिळवून घरी आणला, तर तो बजावायचा कुठे? फ्लॅटच्या बाल्कनीत? शहरात राहणाऱ्याकडे अंगण नसतं. त्याच्याकडे पार्किंगचे दोन पिवळे पट्टे असतात, आणि तेवढ्यापुरती कंपनीची जागा आपण भरून काढतो. कंपनी म्हणते भाग देणार नाही. आपण म्हणतो जागा देणार नाही.

आणि हे कुठे, तर खारघरला. एका बाजूला तळोजाची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला कळंबोलीचा लोखंड बाजार आणि ट्रकांच्या रांगा. सिडकोने आखून दिलेल्या या शहरात लोखंड, तेल आणि पाना सगळीकडे आहे, फक्त आमच्या गेटच्या आत नको. तो हाताळणारी माणसंही गेटच्या आत नकोत. आली तर रजिस्टरमध्ये नोंद करून, कामापुरती.

मराठी माणूस उद्योगात मागे का, यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला एक लांबलचक मेसेज येतो. त्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव असतंच. त्या मेसेजला अंगठे देणाऱ्यांना आठवण करून द्यायची तर, लक्ष्मणराव मुंबईतली तांत्रिक शाळेतली मास्तरकी सोडून बेळगावला गेले आणि त्यांनी सायकली विकण्याचं आणि दुरुस्त करण्याचं दुकान घातलं. लोखंडी नांगर त्यानंतरचा, आणि १९१०ची किर्लोस्करवाडी त्याच्याही नंतरची. सुरुवात काळ्या हातांची आहे. ते आज आमच्या पार्किंगमध्ये सायकलचं चाक उघडून बसले असते, तर त्यांनाही हजार रुपयांची पावती मिळाली असती.

गिअरबॉक्सचं काय झालं ते सांगतो. अर्धवट जोडलेली गाडी ढकलून बाहेरही नेता येत नव्हती, तेव्हा ‘एवढं संपवा’ म्हणून तासाभराची सवलत मिळाली. मामा पायरीवरून उठून परत आले. मी क्रँकवरचा पाना केसभर फिरवला, मामांनी खालून तळहाताने रेटलं, आणि खट् असा आवाज होऊन दोन्ही तोंडं मिटली. बोल्ट नंतर आले, हाताने आत गेले. केबल जोडून क्लचच्या पेडलला थोडी मोकळीक ठेवली, ऑईल भरलं. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. तेव्हापासून थरथर नाही.

दंड मी भरला आहे. नियम होता आणि मी तो मोडला. पण सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा व्हायची आहे, तिच्यासाठी मी लेखी ठराव दिलाय : पंपरूमजवळच्या दोन जागा, रविवारी नऊ ते सहा, फक्त सभासदाची स्वतःची गाडी, घोड्या आणि ट्रे सक्तीचे, पेट्रोल आणि वेल्डिंगचं काम नाही. आणि सोबत येणारा माणूस पाहुणा म्हणून येईल, रजिस्टरात ‘मेकॅनिक’ म्हणून नाही. आतापर्यंत पाच सह्या मिळाल्यात. त्यातली एक त्या काळ्या डागवाल्या शेजाऱ्याची आहे. त्याला गळती स्वतः शोधायची आहे.

गाडीच्या मागच्या ब्रेकचं काम निघालंय. मामांना फोन केला, या म्हटलं. ते म्हणाले, ‘गुडघे दुखतात रे. तूच गाडी घेऊन इकडे ये, आमच्या चाळीत कोणी विचारत नाही.’